जुन्या मोटारसायकलचं पासिंग : आधी ब्रेक, मग वायरिंग, शेवटी हेडलाईट

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरायचा, गाडी तपासून घ्यायची आणि पुढच्या ५ वर्षांसाठी आरसी नवी करून घ्यायची, असा नियम आहे. एमएच १३ ची, म्हणजे सोलापूरची गाडी असेल तर विजापूर रोडवरच्या आरटीओत जायचं. विमा, पीयूसी, पर्यावरण कर ही कामं एक-दोन दिवसांत उरकतात. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीलाही आता एचएसआरपी (जादा सुरक्षेची नंबर प्लेट) लागते, तेवढी मात्र आधी मागवून ठेवा.

गाडीचं काम असं एका दिवसात उरकत नाही, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. पासिंगच्या आदल्या संध्याकाळी गॅरेजला गाडी लावली की मेकॅनिक नवे लायनर (ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या) टाकून देतो आणि सकाळी तोच ब्रेक जुन्यापेक्षा कमी लागतो. लायनर खराब नसतो. नव्या लायनरची गोलाई झिजलेल्या ड्रमशी जुळलेली नसते, त्यामुळे तो मधल्या भागातच टेकतो. पूर्ण बसायला १५० ते २०० किलोमीटर लागतात, तेही थांबत-थांबत चालवलेले. अक्कलकोटला जाऊन-येऊन ८० किलोमीटर होतात खरे, पण हायवेवर ब्रेक लागतोच कुठे? त्यापेक्षा नवी पेठ, मंगळवार पेठ, अशोक चौकातल्या रोजच्या गर्दीत लायनर लवकर बसतो. म्हणून ब्रेकचं काम किमान पंधरा दिवस आधी करा. वायरिंग आणि बल्ब आठ दिवस आधी. हेडलाईटचा रोख शेवटी, कारण तो टायरच्या हवेवर अवलंबून असतो.

इथे मुख्यतः १०० ते १२५ सीसीच्या, दोन्ही बाजूंना ड्रम असलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. डिस्कवाल्यांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

मागचा ब्रेक

चाक खोलण्याआधी एक गोष्ट बघा. ब्रेकची दांडी जिथे संपते तिथे ड्रमच्या झाकणावर, म्हणजे पॅनेलवर, एक छोटा हात असतो. त्याच्या मुळाशी पत्र्याचा बाण असतो आणि पॅनेलवर त्रिकोणी खूण. कुणाला तरी पायब्रेक पूर्ण दाबायला सांगा. बाण खुणेला भिडला किंवा पुढे गेला तर लायनर संपले. बाण अलीकडेच राहत असेल तर लायनर शिल्लक आहेत आणि काम बहुधा सफाई व अ‍ॅडजस्टमेंटवर भागेल.

ही खूण खोटी ठरते ती एकाच कारणाने. लायनर झिजल्यावर दांडीचा नट संपतो, तेव्हा काही ठिकाणी तो हात काढून दातऱ्यावर एक दात मागे बसवतात. ब्रेक पुन्हा ‘वर’ येतो, नवे लायनर वाचतात, आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण आतला कॅम, म्हणजे फिरून लायनर ड्रमवर दाबणारा दांडा, आधीच जास्त फिरलेला असतो. आणखी झीज झाली की तो आडवा होऊन अडकतो. मग एकतर ब्रेक सुटत नाही, नाहीतर लागतच नाही. हे टाळा. हातावर आणि कॅमच्या टोकावर पंचाने मारलेले ठिपके समोरासमोर आहेत का ते बघा. नसतील तर आधी कुणीतरी हे केलेलं आहे.

आता चाक काढायचं. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. दांडीचा नट काढा. त्यातली छोटी गोल पिन आणि स्प्रिंग वाटीत ठेवा, कारण फरशीवर ठेवलेली पिन हमखास हरवते. पॅनेलला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट काढताना त्याची स्प्लिट पिन सरळ करावी लागते. ती पुन्हा वापरू नका, नवी पाच-दहा रुपयांत मिळते. मग एक्सलचा नट काढा आणि एक्सल ओढून घ्या. बुश (एक्सलवरची छोटी नळी) कुठल्या बाजूला होता ते मोबाईलवर फोटो काढून ठेवलेलं बरं.

पॅनेल बाहेर आलं की आत काळी-करडी भुकटी दिसेल. ती तोंडाने फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि ती भुकटी छातीत गेलेली परत येत नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

लायनर हातात घेऊन उजेडाला तिरपा धरा. नीट चाललेला लायनर मळकट, खरबरीत दिसतो. काचेसारखा चमकत असेल तर तो भाजलेला आहे. ब्रेकवर सतत पाय ठेवून चालवणाऱ्यांच्या गाडीत हे नेहमी दिसतं. जाडी भरपूर असूनही असा लायनर नुसता घसरतो. ८० ते १०० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत सारखा घासा, ड्रमचा आतला पृष्ठभागही घासा. नवा लायनर साधारण ४ मिलीमीटर जाड असतो. सर्वांत पातळ जागी २ मिलीमीटर किंवा कमी उरला असेल तर घासत बसू नका, जोडी बदला. दोन्ही शू (लायनर चिकटवलेले अर्धगोल तुकडे) एकदमच, स्प्रिंगांसह. जुन्या स्प्रिंगा ताणलेल्या असतात आणि त्यांच्यामुळे ब्रेक सोडला तरी चाक घासत राहतं.

लायनरवर तेलकट डाग असेल तर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे. ग्रीस लायनरच्या आत मुरलेलं असतं, पहिल्या गरमीत ते पुन्हा वर येतं. लायनर बदला, आणि त्याआधी ग्रीस आलं कुठून ते शोधा. मागच्या चाकात बहुधा बेअरिंगमध्ये कोंबलेलं जादा ग्रीस कारण असतं. पुढच्या चाकात स्पीडोमीटर गिअरचं सील.

ड्रमला आतून बोट फिरवा. काठाशी उंचवटा लागला तर ड्रम झिजला आहे. जास्तीत जास्त किती व्यास चालेल ते बऱ्याच ड्रमवर ओतीव अक्षरांत लिहिलेलं असतं. १३० मिलीमीटरच्या ड्रमला साधारण १३१ ही मर्यादा धरतात. त्यापलीकडे कितीही भारी लायनर टाका, ब्रेक धरणार नाही.

कॅम बाहेर काढून पुसा. सोलापूरच्या गाड्यांत तो घट्ट झालेलाच असतो, कारण इथल्या फुफाट्याची बारीक माती जुन्या ग्रीसमध्ये मिसळून सिमेंटसारखी बसते. पायब्रेक दाबला की खाली राहतो, हळूहळू वर येतो, ही तक्रार नव्वद टक्के वेळा स्प्रिंगची नसते, याच मातीची असते. बारीक पॉलिश पेपरने कॅमचा दांडा साफ करा, नखावर मावेल एवढंच ग्रीस दांड्यावर आणि तेवढंच दुसऱ्या टोकाच्या पिनवर लावा. जास्त लावलेलं ग्रीस गरम होऊन लायनरवरच जातं.

जोडताना एक बारकावा फार उपयोगी आहे. एक्सलचा नट पूर्ण आवळण्याआधी पायब्रेक जोरात दाबून धरा आणि तसाच धरून नट आवळा. शू ड्रममध्ये मधोमध बसतात आणि ब्रेकचा धरपणा लगेच बदलतो. त्याआधी साखळीचा ताण बघून घ्या, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. साखळी नंतर ओढली तर चाक मागे सरकतं आणि केलेली ब्रेक अ‍ॅडजस्टमेंट बिघडते.

शेवटी दांडीचा नट. चाक हाताने फिरवत नट आवळा, शू घासायला लागले की सोडा. पायब्रेकच्या टोकाला २० ते ३० मिलीमीटर मोकळी चाल हवी, म्हणजे अंगठ्याची जाडी किंवा थोडी जास्त. नटाची खाच पिनवर बसल्याचा टक् असा आवाज आला पाहिजे. अर्धवट बसलेला नट गाडी खड्ड्यात आपटली की फिरतो आणि चाल बदलते.

पुढचा ब्रेक

आतलं काम तसंच. फरक केबलचा. लिव्हर काढून केबलचं गोळी असलेलं टोक बघा. एक जरी तार तुटून बाहेर आली असेल तर केबल बदला. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीची बाहेरची नळी तडकते, पाणी आत जातं आणि केबल जड होते. तेल सोडून थोडे दिवस भागतं, पण पासिंगसाठी नवी टाकलेली बरी. आधी खालच्या, पॅनेलजवळच्या नटाने अंदाजे जुळवा, मग लिव्हरजवळच्या चाकीने बारीक. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलीमीटर मोकळी चाल ठेवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चाक फिरवून बघा. वळवल्यावर ब्रेक आपोआप घासत असेल तर केबल कुठेतरी ताणली जाते आहे, तिचा मार्ग बदला.

डिस्क असेल तर

पॅडवर झीज दाखवणारी खाच असते. खाच नाहीशी झाली, किंवा लोखंडावर जेमतेम दीड मिलीमीटर मटेरियल उरलं, की पॅड बदला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती बघा. नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलावा लागतो, तेव्हा वरच्या डबीत ऑईल चढतं. झाकण उघडून आधी थोडं काढून घ्या. सांडलेलं ब्रेक ऑईल रंग उडवतं, लगेच पाण्याने धुवा.

डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं, तेच वापरा. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच ऑईल, ते त्यात मिसळायचं नाही. ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढून घेतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शिरल्यावर ही हद्द १५५ च्या आसपास येते. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना जुनं, चहासारखं काळपट ऑईल लिव्हर स्पंजासारखी करतं ते यामुळे. दोन वर्षांनी ऑईल बदलायलाच हवं.

हवा काढायला ८ चा पाना आणि पारदर्शक नळी पुरते. नळीचं एक टोक चाकाजवळच्या ब्रेकवरच्या निपलला (ऑईल सोडायच्या तोटीला) लावा, दुसरं बाटलीतल्या थोड्या ऑईलमध्ये बुडवा. लिव्हर तीन-चार वेळा दाबून धरून ठेवा, निपल पाव आटा सोडा, ऑईल आलं की निपल बंद करा आणि मगच लिव्हर सोडा. आधी लिव्हर सोडली तर हवा पुन्हा आत. बुडबुडे थांबेपर्यंत हे करत राहा आणि डबी कधीही रिकामी होऊ देऊ नका.

लाईट : बल्ब घेण्याआधी बॅटरी

हॉर्न घोगरा वाजतो, इंडिकेटर रेंगाळतो, ब्रेक लाईट मिणमिणतो. तिन्ही एकदम असेल तर बल्ब बदलून पैसे घालवू नका. बंद गाडीत बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. इंजिन चालू करून रेस दिल्यावर १४ ते १५ च्या दरम्यान. वाढतच नसेल तर चार्जिंग नाही. १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) गेलं आहे आणि बल्ब वरचेवर उडतात ते त्यानेच. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. इथल्या बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात.

जुन्या १०० सीसी गाड्यांपैकी बऱ्याच जणींत हेडलाईट आणि मागचा दिवा मॅग्नेटच्या कॉईलवर थेट चालतात, इंजिन चालू असेल तरच लागतात आणि रेसबरोबर उजेड कमी-जास्त होतो. तो बिघाड नव्हे. ब्रेक लाईट, इंडिकेटर, हॉर्न मात्र बॅटरीवर. हा फरक माहीत असला की बिघाड शोधायला निम्मा वेळ लागतो.

मागचा लाईट

पासिंगचं सोडा, ऊसतोडीच्या हंगामात मोहोळ-पंढरपूरच्या बाजूला रात्री चालवणाऱ्यांनी हा दिवा रोज बघावा. पुढे अंधारात उसाची ट्रॉली असते, आपण करकचून ब्रेक मारतो, आणि मागच्याला ते कळायला हाच एक दिवा असतो.

लाल काच काढून बल्ब दाबून फिरवा आणि बाहेर घ्या. बुडाजवळ व्होल्ट आणि वॅट छापलेले असतात, १२ व्होल्ट ५/१० किंवा ५/२१. तेच आकडे असलेला बल्ब आणा. याच्या बाजूच्या दोन पिना वरखाली असतात, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. जोर करून उलटा बसवला तर नेहमीच्या दिव्याच्या जागी ब्रेकचा लागतो आणि ब्रेक दाबल्यावर फरकच दिसत नाही.

आता होल्डरमध्ये डोकावा. तळाशी दोन बारीक टोकं स्प्रिंगवर असतात. त्यांवर हिरवट पूड साचलेली दिसेल, आणि होल्डरच्या पितळी भिंतीवर तांबूस गंज. बोटाने टोक दाबून बघा. वर उसळत नसेल तर स्प्रिंग मेली, होल्डर बदला. उसळत असेल तर बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून टोकं आणि भिंत दोन्ही घासा.

ब्रेक दाबला की मागचा दिवा मंद होतो, किंवा इंडिकेटरच्या तालावर मागचा दिवा लुकलुकतो. या दोन्हीचं कारण एकच, अर्थिंग. करंटला परतायला नीट वाट नसते म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. मडगार्डचा बोल्ट रंग आणि गंज खरवडून पुन्हा आवळा. तरीही नाही सुटलं तर होल्डरच्या पत्र्यापासून चेसिसच्या स्वच्छ बोल्टपर्यंत वेगळी वायर टाका. दहा मिनिटांचं काम आहे आणि ते वर्षानुवर्षं टिकतं.

होंडा आणि हिरो होंडाच्या गाड्यांत वायरचे रंग ठरलेले आहेत : हिरवी अर्थिंगची, काळी चावी चालू केल्यावर करंट देणारी, तपकिरी मागच्या दिव्याची, हिरव्यावर पिवळी रेघ असलेली ब्रेक लाईटची, नारिंगी डाव्या आणि आकाशी उजव्या इंडिकेटरची. दुसऱ्या कंपन्यांचे रंग वेगळे असतात, तिथे हे लावू नका.

ब्रेक लाईट लागतच नसेल आणि बल्ब चांगला असेल तर स्विच बघा. पायब्रेकचा स्विच उजव्या बाजूला स्प्रिंगने ओढला जातो. त्याच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना टेकवा. दिवा लागला तर स्विच गेला. दिवा उशिरा लागत असेल तर स्विचचा प्लास्टिकचा नट फिरवून तो वर घ्या. फिरवायचा तो नट, स्विच नाही. स्विच फिरवला की आतली वायर पिळून तुटते. मोकळी चाल संपून ब्रेक धरायला लागण्याच्या जरा आधी दिवा लागला पाहिजे. मागच्या ब्रेकची चाल बदलली की हेही पुन्हा जुळवावं लागतं.

लाल रिफ्लेक्टर तुटला असेल तर तोही लावून घ्या.

इंडिकेटर

मिनिटाला ६० ते १२० वेळा, साधारण ९० वेळा लुकलुकायला हवा. घड्याळ लावून दहा सेकंदांत मोजा, पंधराच्या आसपास आले की बरोबर. एका बाजूचाच वेग बिघडला असेल तर त्या बाजूचा एक बल्ब उडालेला आहे किंवा कमी वॅटचा आहे. दोन्ही बाजूंचा बिघडला असेल तर फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) किंवा बॅटरी. जुन्या फ्लॅशरवर एलईडी बल्ब टाकले की इंडिकेटर वेड्यासारखा धडधडतो किंवा नुसता पेटून राहतो, कारण फ्लॅशरला लागणारा भार मिळत नाही. मूळचे १० वॅटचे बल्ब परत घाला, हाच सरळ उपाय. फ्यूज उडाला म्हणून तिथे तार गुंडाळू नका. तारेने वाचवलेला फ्यूज पूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीचं सगळं वायरिंग, जाळतो.

हेडलाईट

आधी काच आणि आतला आरसा बघा. आरशाची चांदी उडून तो पिवळट झाला असेल तर कुठलाही बल्ब उजेड देणार नाही, पूर्ण युनिट बदला. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल त्या जागी तापून बल्ब उडतो. बाजारात मिळणारे पांढरेशुभ्र एलईडी टाळा. या आरशाची रचना बल्बमधल्या तारेच्या एका ठराविक जागेसाठी केलेली असते. एलईडीचा उजेड दुसऱ्याच जागेवरून निघतो, मग डिप्परवरही तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मोटार वाहन नियमांत याचं माप दिलेलं आहे : दिव्यापासून ८ मीटर लांब, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोत दिपवता कामा नये. अंगणात मोजून तिथे उभं राहून बघा, लगेच कळतं.

रोख जुळवायला सपाट जागा आणि भिंत हवी. टायरमध्ये कंपनीच्या मापाप्रमाणे हवा भरा. भिंतीपासून ५ मीटरवर गाडी सरळ उभी करा आणि रोजचा चालवणारा माणूस वर बसवा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने तेवढ्यावर आडवी रेघ मारा, तिच्या ५ ते ७ सेंटिमीटर खाली दुसरी. इंजिन चालू करून डिप्पर लावा. उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर यायला हवी. हेडलाईटखालचा स्क्रू किंवा बाजूचे बोल्ट सैल करून डोम वरखाली करा. अप्पर-डिप्परचं बटण दोन्हीकडे लागतं का, अप्परची निळी खूण मीटरवर दिसते का, तेही इथेच पाहून घ्या.

आदल्या दिवशी आणि त्या सकाळी

हॉर्न, दोन्ही आरसे, मागे बसणाऱ्याचे फूटरेस्ट, धरायची कडी आणि साडी गार्ड जागेवर असू द्या. साडी गार्ड काढून ठेवलेला असेल तर शोधून लावा. हँडलखाली चेसिसवर कोरलेला नंबर आणि इंजिनावरचा नंबर रॉकेलच्या फडक्याने साफ करा. माती आणि ग्रीसखाली तो वाचता येत नाही आणि तिथेच वेळ जातो. नंबरावर पॉलिश पेपर मात्र चालवू नका.

सकाळी निघताना रिकाम्या रस्त्यावर २० च्या वेगाने आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा ब्रेक लावून बघा. गाडी सरळ थांबली पाहिजे, लिव्हर हँडलला टेकता कामा नये. मग कुणाला तरी मागे उभं करून दिवे एकेक लावा, पुढच्या लिव्हरला स्विच असेल तर त्यानेही ब्रेक लाईट लागतो का बघा. खिशात एक मागचा बल्ब, एक इंडिकेटरचा बल्ब, गाडीच्या मापाचा फ्यूज आणि एक स्क्रू ड्रायव्हर टाका. विजापूर रोडच्या खड्ड्यांनी वाटेतच बल्बची तार तुटली, तर तिथे रांगेत उभ्या-उभ्या बदलता येईल.